सुमनचे पितळी बिल्ले

आज सोमवार. माझी पत्नी सुमन हिच्या तेराव्याचे पाहुणे सकाळी गेले. मागं राहिली नात, प्राची. उद्या तिची कॉम्प्युटरची परीक्षा आहे.

"आजोबा, आकडे क्रमानं लावायची ही मर्ज सॉर्टची रीत डोक्यातच शिरंना. आजी गेल्यापास्नं एक अक्षर वाचलं न्हाय. नापासच व्हते बघा."

मी सुमनचा बिल्ल्यांचा डबा काढला. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात दूध संस्था निघाली, तिथं ती कामाला होती. पुढं चारा संपला तसे लोकांनी म्हशी विकल्या आणि दूध घालायच्या आपापल्या नंबरचे पितळी बिल्ले तिच्याकडं परत दिले. ते तिनं टाकले नव्हते.

पुस्तकात बघत आम्ही ढीग अर्धा केला, परत अर्धा, एकेक बिल्ला सुटा होईपर्यंत. मग रांगा जोडत गेलो. दोन रांगांतले फक्त पुढचे बिल्ले बघायचे, लहान आकडा आधी उचलायचा. शेवटी दोनच रांगा राहिल्या, एक प्राचीपुढं, एक माझ्यापुढं.

तिची आधी संपली. माझा हात थांबला.

"आता कशाशी ताडून बघू?"

"कशाशीच न्हाय. एक रांग संपली की दुसरीतले उरलेले हायेत तसेच मागं लावायचे. आलं की मला, आजोबा!" ती हसली, मग माझ्याकडं बघून उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

मंडळी, तुमच्यात जे असे जोडीदारामागं राहिलेत, त्यांना हे आहे तसंच पुढं चालणं जमतं का?

दुपारच्या एसटीनं प्राची गेली. उरलेले बिल्ले मी एकट्यानं लावले. मग नळाला पाणी यायची वेळ झाली, म्हणून हंडा घेऊन बाहेर गेलो.