पितळेवरचं नाव

सारायेव्होच्या तांबटआळीत हिल्मो बेश्लियाइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांवर वेढ्यातल्या शहराचे पूल नि मिनार कोरायचे, हा त्याचा तीस वर्षांचा धंदा. नव्वदच्या दशकात डोंगरावरच्या तोफांनी शहराला जवळपास चार वर्षं वेढलं होतं; पर्यटक त्या युद्धाची आठवण म्हणून फुलदाण्या करायला घेऊन जात. पण पुंगळी विकायला कुणी आला, की हिल्मो त्याची वकिलासारखी उलटतपासणी घ्यायचा. गोळा शहरात पडतो, पुंगळी तोफेपाशीच राहते. मग हा गडी कुठल्या तोफेमागे होता? हिल्मोची मुलगी सामरा वेढ्यात पाणी भरायला गेली ती डोंगरावरून आलेल्या गोळ्याने गेली. त्या गोळ्याची पुंगळी आपल्या हातून सजू नये, एवढाच त्याचा हट्ट.

एका सकाळी रांको नावाचा सत्तरीचा माणूस फडक्यात पुंगळी गुंडाळून आला. हिल्मोने त्याला कॉफी विचारली नाही, आणि त्या आळीत याचा अर्थ एकच, तू इथे नकोस. कुठे सापडली, असं विचारल्यावर रांको म्हणाला, बटाटे खणताना, वर डोंगरावरच्या गावात.

"शेजारी, बटाट्याच्या वाफ्यात पुंगळ्या उगवत नाहीत."

रांकोने फडकं सोडून पुंगळी फळीवर ठेवली. मग त्याने सांगून टाकलं, की तोफ त्याच्याच परसात होती आणि गोळे तोच भरत होता. पुंगळी त्याला विकायची नव्हती.

"खाली शहरात कोण कोण मेलं ते तुम्हाला ठाऊक. त्यातलं एक नाव कोरून द्या, उस्ताद. त्याच्यापुढे मेणबत्ती लावत जाईन."

स्वस्तात सुटायला बघतोय लेकाचा, हिल्मोच्या मनात आलं. सामराचं नाव ओठांपर्यंत आलं. याच्या घरात, याच्या मेणबत्तीपुढे तिचं नाव? ते त्याने गिळून टाकलं.

"तुमचं पूर्ण नाव सांगा."

"माझं कशाला?"

"या शहरात भिंतीभिंतीवर मेलेल्यांची नावं आहेत. मारणाऱ्याचं एक तरी दिसतंय का कुठे?"

हा आता पळणार, असं हिल्मोला वाटलं. रांकोने हळू आवाजात नाव सांगितलं, आडनावासकट. हिल्मोने कोरताना पत्रा दबू नये म्हणून पुंगळीत वितळलेली राळ ओतली, ती घट्ट होऊ दिली आणि छिन्नी घेतली. दुपार टळेपर्यंत रांको दारातच उभा होता.

काम झाल्यावर हिल्मोने पुंगळी त्याच्या हातात दिली. "टेबलावर ठेवा. नातवंडांना वाचू द्या."

रांको नाव छातीकडे वळवून चालू लागला. कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकतो की काय, म्हणून हिल्मो दारात येऊन बघत राहिला. रांको पेटी ओलांडून पुढे गेला, तरी हिल्मो आत वळला नाही; पुढच्या वळणावर आणखी एक पेटी होती.