निरोप आननारा डोमाकाका

आमच्या गावचा डोमाकाका कुठंबी गेला तरी उत्तर घेतल्याशिवाय वापस येत नोता. धंदा त्याचा मासोळ्यायचा. सकाळी तलावात जाळं टाके. दुपारी आंग धुवून खांद्यावर पांढरा दुपट्टा घेतला का समजावं, कोनाचा तरी निरोप आनाले निंगाला. सायकल बिनाब्रेकची. थांबाचं असलं का पाय टेकवे. मी एक डाव ते चालवली त सायकलीसकट तलावात गेलो. काका म्हने, "जाळं टाकलंच नाही आन केवढी मासोळी पडली."

आमच्याकडं पाहुने पोरगी पाहून जातेत, जाताना "कळवतो" म्हनतेत. मंग पोरीकडचे रस्त्याकडं पाहत बसतेत. आपून होऊन इचारनं बरं दिसत नाही. तवा डोमाकाका जाये.

शेजारच्या यमुनाबाईच्या पोरीले पाहून पंधरा दिवस झाले होते. काका पोराकडच्यायच्या घरी गेला. त्यायनं चहा पाजला, पान देलं आन पुन्हा म्हनलं, "कळवतो."

"कळवा ना. मी आलोच आहो," काका म्हने, आन बसला. दुपारचं जेवन झालं तरी बसून. आखरीले पोराच्या बापानं सांगतलं, नाही म्हनून.

यमुनाबाई काकावरच भडकली. "तू नसता गेला त आस त होती."

"ते आसच तुह्या पोरीले सुकवून राहिली वो," काका म्हने. "नाहीचा निरोप आनला, पन आनला ना."

त्या दिवशी पोरगी पोटभर भात जेवली. मी भिंतीवरून पाह्यलं. दुसऱ्याच्या ताटात पाहाची मले सवय आहे.

आता मायं सांगतो. मी पाटलाकडं सालदार, वर्षभर त्यायच्या धानाच्या शेतात राबाचं. पाडव्याले साल बदलते, तवा मालक इचारते, यंदा राहतेस का जातेस. त्याच टायमाले लाखनीच्या रस्त्यावरच्या एका राईस मिलमंधी गेटवर मानूस पायजे असं आयकलं. मी गेलो मुलाखतीले. नवा शर्ट घातला, त्याची टाचनी काढाची राहिली. सारा वेळ मान वाकडी.

मॅनेजर साहेबानं इचारलं, "शिक्षण किती?"

मी म्हनलं, "साहेब, शाळेत चार वर्सं होतो, पन चारही वर्सं पयलीतच."

"गेटचा अनुभव?"

"आहे ना साहेब. बायकोनं बाहेर काढलं का फाटकापाशीच बसून राहतो."

साहेब खदखदा हासला. म्हने, "बरं, फोन करतो."

हासला म्हंजे लागली नोकरी, असा माया हिशोब. गावात सांगून बसलो. फोन प्लास्टिकच्या पन्नीत घालून आंघोळीलेबी न्याचो. घरात रेंज नाही, म्हनून तलावाच्या पारीवर जाऊन बसाचो. बारा दिवस गेले. इकडं पाटील रोज इचारे, "का रे, राहतेस ना?" मी म्हनो, "सांगतो." आखरीले पाटील म्हने, "इतवारपावतर सांग. नाही त दुसरा पायतो." मिलची नोकरी नाही आन पाटलाचं कामबी गेलं, म्हंजे सारं साल रिकामं. माही बायको सिंदू बोलनंच सोडून बसली. ते बोलते तवा मले भेव लागत नाही, चूप बसली का लागते.

शनिवारी काका जाळं ओढत पारीवर आला. "काहून बसून राहिला बे, रोज रोज?"

मी सारं सांगतलं.

"मंग जाऊन इचार ना."

"आन नाही म्हनलं त?"

"त नाही समजन. आता का समजून राहिलं?"

काकानं आंग धुतलं, दुपट्टा घेतला, मले सायकलीवर मांगं बसवलं.

मिलमंधी साहेब कागदात डोकं घालून होता. काका समोर बसला, पानी पेला आन सुरू झाला. सोयरिकीतबी त्याची हेच रीत, पयले खोट सांगाची. "साहेब, मी या पोराकडून आलो. पोरगा शिकला नाही. गमत्या आहे. काम सोडून गोष्टी सांगत बसते. पन चोरी करत नाही, तेवढं डोकंच नाही त्याले."

मी बाजूले उभा, मुंडी खाली.

साहेब म्हने, "काका, तुम्ही नोकरी लावायला आले का मोडायला?"

"मी निरोप न्याले आलो. तिकडं पाटील याच्यासाठी थांबून आहे. हो असन त हो, नाही असन त नाही. पन सांगा."

साहेबानं कागद पालटले. म्हने, "गेटवर माणूस ठेवून आठ दिवस झाले. ज्याला घेतो त्यालाच आम्ही फोन करतो."

मले वाटलं, आता काका हात जोडन. काकानं इचारलं, "आन ज्यायले नाही घेत त्यायनं किती दिवस वाट पाहाची?"

साहेब म्हने, "असं कोणी विचारलं नाही कधी."

"किती जन आले होते?"

"चौदा."

"आमच्या रस्त्यावर कोनी राहते का?"

साहेबानं दोन गावातली दोन नावं सांगतली. वापस येताना काका त्या दोनी घरी थांबला. पयल्या घरी एक मिशीवाला मानूस अंगनात फोन मांडीवर घेऊन बसला होता, अगदी मायासारखा. काका म्हने, "भाऊ, मिलचं नाही झालं. याचंबी नाही झालं." तो मानूस मायाकडं पाहत राहिला. मंग आतमंधी आवाज देला, "चहा टाक वो." नाही सांगाले गेलो आन चहा भेटला, हे मले अजून समजलं नाही.

घरी नाही जाऊ देलं काकानं. थेट पाटलाच्या दारात उतरवलं. "आता तुहा निरोप दे. बारा दिवस तूबी कोनाले टांगून ठेवलं."

मी पाटलाले म्हनलं, "राहतो." पुढं गंमत करावं म्हनलं, त तोंडातून निंगालीच नाही. पाटील म्हने, "मंग हे आधी सांगाले का झालं होतं?" सिंदूले सांगतलं त तिनं पयले मायी मान पाह्यली. टाचनीचा डाग होता अजून.

डोमाकाका मागच्या हिवाळ्यात गेला. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी काकाच नाही. त्याच्यामागं गावात निरोप आनाले कोनी जात नाही. मीबी नाही. माया बोलन्यावर कोनी भरोसा ठेवत नाही.

पन पाटलाचे धान घेऊन मिलवर जातो तवा गेटच्या भिंतीवर एक कागद चिपकवला दिसते. मले वाचता येत नाही. गेटवाल्यानं सांगतलं, नोकरीसाठी येऊन ज्यायचं नाही झालं त्यायची नावं आहेत, साहेब दर खेपेले लावते. मी दर खेपेले त्याच्याकडून वाचून घेतो. यंदा पाडव्याच्या आधी मीनं पुन्हा अर्ज देला होता. चार दिवसांनी गेलो त गेटवाला वाचता वाचता थांबला, मायाकडं पाह्यलं, हासला आन मायं नाव वाचलं.

मी तिथूनच पाटलाले फोन लावला. म्हनलं, "पाटील, यंदाबी मीच आहो."

चहा मातर यावेळी कोनी पाजला नाही.