कडक सिस्टरच्या घरचा पेशंट

जळीत विभागातल्या पेशंटांनी तिला कडक सिस्टर असं नाव ठेवलं होतं, आणि ते तिला मनापासून आवडायचं. तिच्या एका "अंहं"वर भेटायला आलेले धिप्पाड काका-मामा दारातच मुकाट मास्क चढवायचे. घरी मात्र तिला कुत्रं विचारत नव्हतं. नवऱ्याचं दुकान टायरचं, पण ज्ञान जगातल्या झाडून साऱ्या विषयांचं. पाहुण्यांना तो सांगायचा, "ही हॉस्पिटलात असते. पट्ट्याबिट्ट्या बांधते."

एका दुपारी दुकानामागचा ओला कचरा पेटेना, म्हणून या ज्ञानी पुरुषाने त्यावर पेट्रोल ओतलं आणि काडी ओढली. भडका उडाला. मिशी गेली, भुवया गेल्या, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत भाजला. नळ शेजारीच होता. त्याखाली हात धरायचं सोडून गडी धावत घरी गेला, कारण घरी आई होती. आईने हातावर अख्खी टूथपेस्ट पिळली. माहेरपणाला आलेल्या बहिणीने कमी नको म्हणून वर शाई ओतली.

अशा निळ्या-पांढऱ्या थाटात स्वारी स्ट्रेचरवरून बायकोच्या पुढ्यात आली. तिने आधी हात धुतले.

"दाताला लावायचं ते हाताला कुणी लावलं?"

"घरगुती उपाय आहे तो," सासूबाई दारातून गरजल्या. "माझे केस काही उन्हात पांढरे झाले नाहीत."

"आई, दार लावून घ्या. बाहेरून."

घरच्या माणसाचं ड्रेसिंग दुसरीने करायचं, असा तिथला रिवाज होता. दुसरी सिस्टर स्वभावाने गरीब. चार-पाच दिवसांनी पट्टी बदलताना ती जुनी पट्टी सलाइनने भिजवत बसली, तर पेशंटच तिला शिकवू लागला, "अहो, असं काय कुरवाळताय? झटक्यात ओढायचं असतं!" आणि स्वतःच पट्टीला हिसका दिला. पट्टीबरोबर नवी कोवळी कातडीही आली. त्याची किंकाळी वॉर्डाच्या दोन्ही टोकांना ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी त्या सिस्टरने हात जोडले. "ताई, तुमचा माणूस तुम्हीच सांभाळा."

मग कडक सिस्टरने त्याला आधी वेदना कमी करणारं इंजेक्शन दिलं, ते अंगात भिनेपर्यंत थांबली आणि एकेक थर भिजवून पट्टी सोडवू लागली.

"अगं, हळू."

"हळूच चाललंय. श्वास कोंडू नका, सोडा."

तो रडत होता, आवाज न करता. वडील गेले तेव्हासुद्धा रडायचं सोडून तो आल्यागेल्याला सूचना देत होता. तिचे ओठ थरथरले. मास्क होता म्हणून अब्रू वाचली. तिने प्रत्येक बोट वेगळं गुंडाळलं, हात उशीवर उंच ठेवला आणि बोटं आखडू नयेत म्हणून खालून आधाराची फळी बांधली.

ती फळी दिवसभर टिकेल तर शपथ. बहीण भेटायला आली की तो फळी सोडून तिला हाताचं प्रदर्शन दाखवायचा, आणि बहीण "दादा, किती सोसतोस रे!" म्हणत पदर डोळ्यांना लावायची. व्यायामाची वेळ झाली की मात्र दादाचं सोसणं संपायचं.

"दुखतंय. बायको आहेस की वैरीण?"

"इथे सिस्टर आहे. मूठ वळा."

"आणि घरी गेल्यावर?"

"घरी बायको आहे. तिथेही मूठ वळायचीच."

त्याने शिव्या घातल्या, पण मूठ वळली. हात वाचला. करंगळी तेवढी वाकडी राहिली, त्या प्रदर्शनाची आठवण म्हणून.

घरी आल्यावर व्रण जाड होऊ नयेत म्हणून त्याला घट्ट हातमोजा घालायचा होता. एका संध्याकाळी ती ड्यूटीवरून परतली, तर हातमोजा मांडीवर टाकून स्वारी शेजाऱ्यांपुढे बोलत होती. "भाजलं की आधी वाहतं पाणी. पेस्ट नाही, शाई नाही. लोक अडाणी असतात हो!" पेस्ट पिळणाऱ्या मातोश्री शेजारी बसून कौतुकाने मान डोलावत होत्या.

"ऐकत जा गं तो सांगतो ते," त्या सुनेला म्हणाल्या. "तुला कामावर उपयोगी पडेल."

"हो आई," ती म्हणाली. मग नवऱ्यासमोर बसून तिने तो हातमोजा त्याच्या बोटांवर चढवला. वाकड्या करंगळीपाशी ती जरा जास्तच वेळ थांबली.

"अगं, आई गं!"

"श्वास सोडा," ती म्हणाली.