मी सांगतलेली मुंबई

हे मी बायकोले सांगतलं नाई, पोराले नाई, केळझरच्या गणपतीपुढं हात जोडूनही नाई सांगतलं. हात जोडले की दुसरंच काही मागून मी वापस येई. आज तुम्हाले सांगतो. तुम्ही बसले आहा, ऐकून राह्यले आहा — एवढं पुरे आहे मले.

पण आधी माही शान ऐकून घ्या. केळझरात माहा फोटो स्टुडिओ होता, अन् अख्ख्या सेलू तालुक्यात माह्यासारखी मुंबई सांगणारा माणूस झाला नाई. मान खाली घालून नाई सांगत हे. लोक मले ‘मुंबईवाले’ म्हणत. स्टुडिओत एक मोठा पडदा रंगवून घेतलता — समुद्र, काठानं दिव्यायची रांग, मागं उंच बिल्डिंगा. नवीन जोडपी हळद उतरायच्या आत त्या पडद्यापुढं येऊन उभी राहत. नवरी लाजून दगड झालेली असे. मी कॅमेऱ्याच्या मागून म्हणे, बाई, पदर सांभाळा, समुद्राची हवा सुटली आहे. अन् ती खरंच पदर सांभाळे. माह्या शब्दात तेवढा दम होता.

मंग लोक बसत, चहा येई, अन् मी सुरू होई. ठेसनावर ट्रंक घेऊन उतरलेला पोट्टा, पाच मिनिटांत त्याचा कापलेला खिसा. चाळीत नळावर बादल्यायची भांडणं, अन् त्याच चाळीत कोणाची पोर आजारी पडली की रात्रभर जागणारे शेजारी. शेठच्या बंगल्यातला गोल जिना. गोदीतल्या लाकडी पेट्या, पेट्यायमागं काळी गाडी, गाडीत पांढऱ्या बुटायचा माणूस. लोकायचा चहा थंड होऊन जाई.

आता ऐका. मी मुंबई पाह्यलीच नव्हती.

तरुणपणी मुंबईले जातो म्हणून घरून निघालतो. मायनं ओवाळलं, दोस्तायनं हार घातला. वर्धा ठेसनावर मुंबईची गाडी आली, थांबली — अन् मी फलाटावर उभाच. पाय उचललाच नाई. काऊन? भीती, दुसरं काय. गाडी गेली. आता हार घातलेला माणूस संध्याकाळी घरी वापस कसा जाईल? उलट्या दिशेची गाडी धरली अन् नागपूरले उतरलो. तिथं एका टॉकीजमध्ये गेटकीपर लागलो. टॉर्च मारून लोकायले खुर्ची दाखवायची, मंग भिंतीले टेकून पिक्चर पाहायचा. रोज तोच, खेळामागून खेळ. शेजारच्या दुकानात फोटो काढणं शिकलो. काही वर्षांनी गावात आलो तो मुंबईहून आलो असं सांगूनच.

तर माही मुंबई अशी, भिंतीले टेकून पाह्यलेली. इथपर्यंत कोणाचं काही बिघडलं नव्हतं. पण एवढ्यासाठी मी तुम्हाले बसवलं नाई.

माह्या मोठ्या बहिणीची पोरगी वैशाली. हुशार, बोलायले तिखट, नर्सिंग शिकून राह्यली होती. तिले मुंबईचं स्थळ आलं. पोरगा छापखान्यात कामाले, घरी आई अन् एक भाऊ. पाहायले आले तेव्हा पोरानं तिले एकच विचारलं म्हणे — लग्नानंतर दवाखान्यात नोकरी करायची आहे ना? बस. पोट्टीनं तिथंच मनात हो म्हणलं. पोहे कोणी खाल्ले, कोणी नाई, तिले भान नव्हतं.

आमच्याकडं पोरगी द्यायच्या आधी चौकशी होते. पाहुण्यायचं गाव ज्यानं पाह्यलं, त्याले विचारतात. तो जे बोलला ते झालं — पोरगा मागून कितीही गोड बोलो. मुंबईची चौकशी कोणाकडं येणार? माह्याकडं. वैशाली आदल्या दिवशी स्टुडिओत येऊन गेलती. फोटोच्या निमित्तानं. जाता जाता म्हणली, ‘मामा, चांगलं सांगजा. मले जायचं आहे.’

मी म्हणलो, तू काळजी करू नको.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या घरी बैठक. भाऊजी म्हणजे वैशालीचे वडील — हायस्कुलातले मास्तर. मॅट्रिक नापास साळ्याले त्यायनं कधी खुर्ची दिली नव्हती; मी आपला दाराजवळच्या पोत्यावर बसे. त्या दिवशी त्यायनं सोता उठून खुर्ची सरकवली. चार जाणते लोक समोर. भाऊजींनी मुंबईतल्या त्या भागाचं नाव घेतलं अन् विचारलं, ‘कसा आहे? तुमच्याशिवाय कोण सांगंल आम्हाले?’

त्या भागाचं नाव मी इथं घेत नाई. मले ते नाव पाठ होतं — पिक्चरात ते नाव आलं की चाकू निघे, शटर धडाधड पडत, काळी गाडी वळे. दुसरं काही मले माहीत नव्हतं. ‘मले माहीत नाई’ — एवढे तीन शब्द. बोलता आले असते ना? त्या खुर्चीवरून नाई आले.

अन् मंग मी जे सांगतलं — काय सांगतलं बाप्पा. गल्ली उभी केली. अंधारं गोदाम उभं केलं. सांज झाली की बायका दार लावून घेतात, असं म्हणलो. भाऊजी लिहून घेतल्यासारखे ऐकून राह्यलते. बोलता बोलता मलेच ती गल्ली दिसायले लागली. आयुष्यात तेवढं चांगलं मी कधी बोललो नाई. आतल्या खोलीच्या दारात वैशाली उभी होती. मले दिसून राह्यली होती. मी थांबलो नाई.

पोरीचं शिक्षण बाकी आहे, असा निरोप गेला. पोराकडून दोनदा विचारणा आली, मंग बंद झाली. वैशालीनं माह्यावर राग नाई धरला. मामाले माहीत आहे म्हणजे खरंच असंल, असं तिनं मानलं. पण त्यानंतर जे जे स्थळ आलं त्याले तिनं नाई म्हणलं, अन् बापालेही शेवटी थकून गप बसावं लागलं. आज ती वर्धेच्या दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. बोरगाव मेघेले सोताचं घर बांधलं तिनं. डॉक्टर लोक तिले विचारून पाऊल टाकतात. माही भाची आहे म्हणून सांगतो मी, जिथं जाईन तिथं. एकटी राहते.

मागच्या वर्षी माह्या पोराची बदली मुंबईले झाली, तेव्हा या वयात पहिल्यांदा मी ते शहर पाह्यलं. पोरगा ड्युटीवर गेला की मी निघालो, विचारत विचारत त्या भागात गेलो. गल्ली होती. तोंडाशी एक बाई पायरीवर मेथी निवडत बसलती. म्हातारे कॅरम खेळून राह्यलते. गोदामही होतं — आत शाळेचे मोडके बाक भरलेले. मी उभा राह्यलेला पाहून त्या बाईनं विचारलं, ‘काका, कोण हवंय?’ मी म्हणलो, कोणी नाई. तिनं पाणी आणून दिलं. अंधार पडला तरी मी तिथंच होतो. पोरी क्लासहून चालत आल्या, बायका ओट्यावर गप्पा मारून राह्यल्या, दारं सताड उघडी. कोणी लावली नाई.

वापस आलो तर वैशालीनं जेवायले बोलावलं. झुणका, भाकर, वर तेल-तिखट, मले आवडते तसं. वाढता वाढता तिनं सहज विचारलं — सहज नव्हतं ते — ‘मामा, त्या भागाकडं गेलते का तुम्ही?’

गेलतो, म्हणलो.

‘कसा आहे?’

आता तर मले माहीत होतं. पहिल्यांदा मी अडाणी होतो, या वेळी नव्हतो. तिच्या जिवाले लागंल म्हणून लपवलं, असं तुम्हाले सांगू शकतो. गोड वाटंल ऐकायले. पण तिचा विचार त्या वेळी माह्या डोक्यात आलाच नाई. मी मुंबईवाला होतो, अन् मले मुंबईवालाच राहायचं होतं.

मी म्हणलो, ‘होता तसाच आहे. आणखी बिघडला.’

तिनं माह्या ताटात आणखी एक भाकर ठेवली. म्हणली, ‘बरं झालं मामा, तेव्हा तुम्ही होते.’

अन् खरं सांगतो — छाती फुगली माही.