उजवीकडचा पाव आटा

माझ्या जुन्या मोटरसायकलला दोन सिलिंडर, म्हणून कार्बोरेटरही दोन. एक्सिलेटरच्या केबलला पुढे दोन फाटे फुटतात. दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी, सारखेच उघडले पाहिजेत. नाहीतर गाडी लंगडते. हे काम मी अठरा वर्षं घरीच करतो. गाडीमागे पाट टाकून दोन सायलेन्सरांच्या मधोमध बसायचं, आवाज ऐकायचा, मंद बाजूच्या केबलचा स्क्रू पाव आटा, म्हणजे पाव फेरा, फिरवून ती ताणायची आणि वहीत लिहायचं.

यंदा दुसऱ्यांदा बसलो. उजवी बाजू पुन्हा मंद. जितकं करावं तितकी गाडी जास्तच लंगडायची. थकलो होतो. या वेळी जमलं नाही तर कोहमाऱ्याच्या एका ढाबेवाल्याला गाडी विकून टाकायची, असं ठरवलं होतं.

एक्सिलेटर धरून बायको उभी होती. "झालं का जी? हात दुखून राहिला."

"उजवा मंदच आहे."

तिनं एक्सिलेटर सोडला, मागे आली आणि चालू गाडीच्या दोन्ही सायलेन्सरांसमोर वीतभर अंतरावर तळहात धरले.

"उजवाच जोरानं फुकून राहिला. तारेले कायले पिळता? आपला कान पिळा."

तिला खोटं पाडायला मी गाडीकडे पाठ करून बसलो. डावा सायलेन्सर आता माझ्या उजव्या कानाशी आला. आणि आता डावा मंद वाटायला लागला.

गाडी बंद करून वही काढली. पाच वर्षांत सहा नोंदी, सगळ्या उजवीकडच्या, प्रत्येकी पाव. बेरीज दीड आटा.

"तुले माहीत होतं?"

"ट्रक उजवीकडूनच हॉर्न मारत पुढं जाते ना, तुमाले आयकूच येत नाही. नवेगावच्या रस्त्यानं मी तुमचा खांदा दाबतो, तो काऊन?"

"मले वाटलं, तुले भीती वाटते."

"भीतीच वाटते."

दीड आटा परत सैल केला, गाडी चालू केली. या वेळी मीही तळहात धरले. दोन्हीकडची फुंक सारखी होती. कानाला गाडी अजूनही लंगडीच.

"कान दाखवायला दवाखान्यात सोमवारी जातो," मी म्हणालो. "गाडी मात्र विकत नाही."

"नोका विकू," ती म्हणाली, आणि चाबी काढून घेतली. "सोमवारी बसनं जाऊ."