मालूचा उजवा पाय

पेणच्या रामवाडीत पत्र्याच्या डब्यांची झाकणं बनवणारी एक शेड होती. मालू तिथं सहा वर्षं प्रेसवर बसत होती. डाव्या हातानं पत्रा ठेवायचा, हात मागं घ्यायचा, उजव्या पायानं पेडल दाबायचं. वरून ठोका पडायचा आणि तयार झाकण मागच्या बाजूनं घरंगळत पेटीत जायचं. शेजारच्या प्रेसवरल्या अनिताशी गप्पा मारतामारता पेट्या भरायच्या. हातपाय काय करतात, याकडं मालूचं लक्षही नसायचं.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर शेडचा मालक कमळाकरशेठनं जुन्या प्रेस काढून नव्या आणल्या. यांच्यातलं झाकण आपोआप पडत नव्हतं. आधी हात घालून ते काढायचं, मग पत्रा ठेवायचा, मग पाय. एक काम वाढलं, एवढंच.

चौथ्या दिवशी अनिता भावाच्या लग्नातली फजिती सांगत होती. मालू हसत होती. झाकण काढून हात बाहेर आला, पत्रा घेऊन पुन्हा आत निघाला. पण हात एकदा आत जाऊन बाहेर आला की दाबायचं, हेच पायाला सहा वर्षं ठाऊक. त्यानं दाबलं.

पत्रा चेपला. मधल्या बोटाच्या नखाचं टोक तेवढं गेलं.

फिटर गुणाजीनं धावत येऊन मशीन बंद केली. तिला पाणी देणाऱ्या त्याच्या हाताला तीनच बोटं होती. "वाचलीस गो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रत्येक हालचालीवर नजर ठेवू लागली, तर सगळंच अडलं. हात अर्ध्यात थांबायचा, पाय पेडलवर अडायचा. घरी भाकरी थापताना उजव्या पायाची टाच आपसूक दबली, तेव्हा तिनं भाकरी अर्धीच टाकली. हा पाय आपलं ऐकत नाय. आठवड्याची रजा टाकून ती एसटीनं रोह्याजवळच्या माहेरी गेली.

तिची आई सीताबाई अंगणात भात कांडत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "लहानपणी एका उखळात दोन मुसळं चालवताना तुझं मुसळ माझ्या मुसळावर किती वेळा आदळलं! मग कशी शिकलीस?"

"सावकाश. तोंडानं बोलत."

"व्हय. घाईनं चुकलीस तर चूकच पक्की व्हते."

मालूनं पाटावर ताटली मांडली, पेडल म्हणून पायाखाली वीट घेतली. काढ. ठेव. हात मांडीवर. मग पाय. मांडीला हात लागल्याशिवाय पाय हलवायचा नाही. पहिल्या दिवशी पाय अकरा वेळा आधी गेला. नुसती वीट होती, तरी दर वेळी तिला घाम फुटला. झोपून उठल्यावर मात्र तोच पाय थोडा थांबायला लागला होता. सहाव्या दिवशी सीताबाई मुद्दाम गावच्या गोष्टी सांगत बसली. मालू बोलत होती, हात बरोबर चालले होते. एवढ्यात मांजरानं तांब्या पाडला. खण्णकन आवाज झाला आणि पाय विटेवर दाबला गेला. हात ताटलीवरच होता.

मालू रडायला लागली. "दचकलं की जुनंच वर येतं, आये."

सीताबाईनं सांडलेला तांब्या उचलून आत नेला.

सोमवारी मालू शेडमध्ये शेठसमोर उभी राहिली. म्हणाली, "शेठ, बोटं आत घालणार नाय. लांब चिमटा द्या."

"इतर बाया करतात ना?"

गुणाजीनं आपला तीन बोटांचा हात शेठसमोर टेबलावर ठेवला. शेठनं मान फिरवली. संध्याकाळपर्यंत गुणाजीनं वीतभर लांबीचा चिमटा घडवला.

पहिल्या आठवड्यात पाय दोनदा आधी गेला. दोन्ही वेळा चिमटा वाकला, बोटं बाहेर राहिली. वाकलेला चिमटा मालूनं गुणाजीकडून ठोकून सरळ करून घेतला. महिन्याभरात अनितानंही चिमटा मागितला.

मालूनं आणखी पाच वर्षं तिथं काम केलं. मशीनवर ती पुन्हा कधी बोलली नाही. नवी बाई आली की तिला दोन दिवस बंद मशीनवर बसवायची आणि "काढ, ठेव" मोठ्यानं म्हणायला लावायची. शेठ ओरडायचा, तरी ऐकायची नाही.

"आता तर सवय झाली, अजून भितेस?" अनितानं एकदा विचारलं.

"रोज," मालू म्हणाली आणि चिमटा उचलला.