पॅसेजमधला ट्यूलिपचा फ्रीज

फ्रीजचं दार लावलं की आमचे शेजारी ते तळहातानं एकदा दाबायचे. दोन पावलं पुढे जायचे, मग मागे येऊन पुन्हा दाबायचे. "नीट लागलं ना?" हा प्रश्न समोर जो कोणी असेल त्याला. कोणी नसेल तर फ्रीजलाच.

फ्रीज लहान होता, सेकंडहँड, आणि त्यात खायचं काहीही नव्हतं. कागदी पिशव्यांत ट्यूलिपचे कंद होते. अबू धाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत आम्ही राहतो त्या व्हिलाचे मालकानं चार फ्लॅट केले आहेत. शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या फ्रीजला जागा नव्हती, म्हणून तो खालच्या पॅसेजमध्ये, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर उभा होता.

ते मुसफ्फातल्या एका बांधकाम कंपनीत स्टोअर सांभाळायचे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. गाडी लॉक करून लिफ्टपर्यंत येतात आणि हँडल ओढून बघायला परत जातात. फोन दोनदा वाजला तर गावाकडची वाईट बातमीच असणार, असा चेहरा करतात. ते त्यांतले होते. अशा माणसानं वाळवंटात ट्यूलिप फुलवायला घ्यावेत, याचं आम्हाला नवल वाटायचं.

कारण त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, सांगितलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा त्यांनी वहिनींना श्रीनगरची ट्यूलिप बाग दाखवायचं कबूल केलं होतं. बाग फुलते वसंतात, आणि दर वसंतात त्यांच्या कंपनीत कुठल्या ना कुठल्या साइटचं हँडओव्हर निघायचं. रजा कधी मिळालीच नाही. मग वहिनींचे गुडघे गेले. डोंगरउतारावरची बाग चालणं आता जमण्यासारखं नव्हतं.

"तर म्हणाले, बाग इथेच आणतो," वहिनी म्हणाल्या. "म्हटलं, आधी नळाला थंड पाणी आणा."

पहिल्या वर्षी त्यांनी कंद थेट कुंड्यांत लावले. ते विकणारा नर्सरीतला मल्याळी माणूस म्हणाला होता, "साब, ये इधर नहीं चलेगा." आणि झालंही तसंच. पुढच्या वर्षी त्यांनी वाचून काढलं की या कंदाला आधी हिवाळा लागतो. इथे तो नाही, तर फ्रीजमध्ये द्यायचा, अडीच-तीन महिने. त्यांनी कंद घरच्या फ्रीजमध्ये सफरचंदांशेजारी ठेवले. कुंड्यांत हिरवी पानं आली, पण फूल एकही नाही. तेव्हा दुसरी गोष्ट कळली. पिकणाऱ्या फळांतून वायू सुटतो आणि त्यानं कंदाच्या आतली कळी आतल्या आत मरते. वरून काही दिसत नाही. पानं नेहमीसारखी येतात. कळी मेली की जगली, ते फुलायची वेळ आल्यावरच कळतं.

म्हणून हा वेगळा फ्रीज. आणि म्हणून तळहात दोनदा.

या वेळच्या हिवाळ्यात आणखी एक काळजी होती. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. कंपनी ते वाढवते की नाही, हे नव्या वर्षात कळायचं होतं. नाही वाढवलं तर व्हिसा रद्द, आणि फुलं यायच्या आत परत जावं लागण्याची शक्यता. वहिनींनी सत्यनारायण घातला. पूजेच्या तयारीचे दोन दिवस ते नेमके रास अल खैमाच्या साइटवर, स्टॉक मोजायला. पूजेच्या दिवशी दुपारी आले, आंघोळ करून थेट पाटावर बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅसेजमध्ये त्यांचा आवाज आला. मोठा नव्हता. "हे कुणी ठेवलं?" एवढंच.

फ्रीजमध्ये कंदांच्या पिशव्यांवर सफरचंदं होती, चिकू होते आणि पूर्ण पिकलेल्या केळ्यांच्या दोन फण्या. वरच्या मजल्यावरची स्नेहा जिना उतरून आली. पूजेची सगळी धावपळ तिनंच केली होती.

"काका, मी ठेवली. परवाच आणली होती, तुमच्या घरचा फ्रीज भरलेला. म्हटलं, हा तर रिकामाच असतो."

ते वाकून केळी बाहेर काढू लागले. मग म्हणाले, "बरं केलंस. बाहेर ठेवली असतीस तर सडली असती."

ती वर गेल्यावर ते मला हळू आवाजात म्हणाले, "प्रसादाचीच फळं. आता कुणाला काय बोलू?"

वहिनी दारातून म्हणाल्या, "पाटी लावायची होती. फळं ठेवू नयेत म्हणून."

"पाटी लावली की लोक उघडून बघतात."

"आणि पूजा तुमच्या कॉन्ट्रॅक्टसाठी होती हो, फुलांसाठी नव्हती. देवानं एकावेळी किती बघायचं?"

कंद लावले. अंगणातल्या भिंतीच्या सावलीत कुंड्यांची रांग. संध्याकाळी ते फ्रीजरमधला बर्फ आणून मातीवर पसरायचे. ऊन फिरलं की कुंड्या फिरायच्या. पानं आली, चांगली रुंद, निळसर हिरवी. पण पानं तर सफरचंदांच्या त्या वर्षीही आली होती. ते वाकून दोन पानांच्या बेचक्यात बोटानं चाचपायचे, आत काही घट्ट लागतं का ते बघायला. मग आम्हाला चाचपायला लावायचे. "तुम्हाला काय लागतं?" प्रामाणिक उत्तर असं होतं, की काही कळत नाही.

व्हिलाचा पठाण चौकीदार पाणी मारताना थांबून म्हणाला, "फूल आएगा साब, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला मत बोल भाई," ते म्हणाले. "कंपनीवाले भी यही बोलते हैं."

कंपनीनं जानेवारीच्या शेवटी सांगितलं. ते घरी आले, कुंड्यांजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "खलास." वहिनींनी चहा तिथेच आणून दिला. गावी जायला वहिनींची ना नव्हती. मुलगा तिकडे होता, घर होतं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "तिकिटं लगेच काढायची?" ते म्हणाले, "व्हिसाच्या शेवटच्या दिवसाची काढू."

तिकडे सामान बांधलं जात होतं आणि इकडे एकेका कुंडीचा निकाल लागत होता. बेचक्यात कोरडं, कागदासारखं काहीतरी दिसायचं. ती मेलेली कळी. ते चिमटीत धरून बघायचे आणि कुंडी भिंतीकडे सरकवायचे. स्नेहानं एकदा विचारलं, "काका, यांना काय झालं?"

"ऊन," ते म्हणाले. "यंदा ऊन फार."

फेब्रुवारी बऱ्यापैकी थंड होता. पण हे आम्हीही तिला कधी सांगितलं नाही.

शेवटी एक कुंडी उरली, तिच्यात देठ वर आला. टोकाला हिरवी, घट्ट मिटलेली कळी. त्यांनी तिच्यावर वहिनींची छत्री बांधली. रोज सकाळी वहिनी गुडघ्यावर हात ठेवून पायरीवर बसायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतेय?" ते म्हणायचे, "हिरवीच आहे."

निघायच्या पहाटे टॅक्सी दाराशी होती. कळीच्या टोकाला लाल रेघ दिसत होती, नखाएवढी. वहिनींनी ती पाहिली, पाकळीला बोट लावलं नाही. "एवढं तर एवढं," म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या.

त्यांनी कुंडी माझ्या हातात दिली. "दुपारी सावलीत. बर्फ संध्याकाळी. देठावर पाणी नको." हे तीन वेळा सांगितलं. टॅक्सीत बसले, परत उतरले, पॅसेजमध्ये गेले आणि फ्रीजचं दार दाबून आले.

"अहो, त्यात आता काय आहे?" वहिनी काचेतून म्हणाल्या.

"काही नाही. यल्ला, चल," ते ड्रायव्हरला म्हणाले.

कळी दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला उघडली. उन्हामुळे पूर्ण पसरली, बशीसारखी. लाल, आणि आत तळाशी पिवळ्या कडेचा काळा तारा. मी व्हिडिओ काढून पाठवला. पाठोपाठ वहिनींचा व्हॉइस मेसेज आला, मागे घरातली माणसं बोलत होती. "आतून असं असतं होय? इतकी वर्षं नाचताय, सांगितलं नाही कधी."

मग त्यांचा आवाज, जरा लांबून. "मला तरी कुठे माहीत होतं? पाकिटावर बाहेरूनच दाखवतात."

थोड्या वेळानं त्यांचा वेगळा निरोप आला. "सावलीत घ्या."

फूल तीन दिवस टिकलं. फ्रीज अजून पॅसेजमध्येच आहे, बंद. आत कुबट वास धरू नये म्हणून चौकीदारानं दारात पुठ्ठ्याची घडी अडकवून ते अर्धवट उघडं ठेवलंय. येताजाता कुणीतरी पुठ्ठा काढून दार दाबून लावतं. चौकीदार ते पुन्हा उघडतो.